पहिल्या गळाचा मान

राखोंड्यांच्या घरात मासा सोडाच, माशाचं नावही चुलीजवळ घेतलेलं चालत नसे. अन्नपूर्णाबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. माहेर आणि सासर दोन्ही जळगाव जामोदकडचं, मळेकऱ्यांचं. वांगी, मिरच्या, संत्री यांच्या पलीकडे त्या घरांनी काही पाहिलं नव्हतं. अशा घरातला त्यांचा नवरा इंद्रभान शिकून ढोरांचा डॉक्टर झाला, हे लोकांनी एकवेळ पचवलं. पण सोनाळ्याच्या दवाखान्यावर बदली झाल्यापासून हा माणूस सुटीच्या दिवशी वान नदीवर मासे धरत बसतो, हे काही कुणाच्या घशाखाली उतरेना.

अन्नपूर्णाबाई तर उघडच विचारत, "ढोरं वाचवाची आन मासे माराचे, हे कोन्या पोथीत बसते?"

"मारत नाई. धरतो आन सोडून देतो," डॉक्टर म्हणत.

"मंग तं अजूनच येडेपना."

बाईंचं चूक नव्हतं. खायचा नसेल तर मासा धरायचा कशाला, याचं उत्तर राखोंडे डॉक्टरांना शेवटपर्यंत नीट देता आलं नाही. हा नाद त्यांना लागला जबलपूरला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होतं, म्हणून इकडची पोरं तिकडे शिकायला जात. नर्मदेच्या काठी रेल्वेतून निवृत्त झालेला एक म्हातारा गार्ड रोज संध्याकाळी उभा असे. त्याच्या गळाला ना गांडूळ, ना कणकेची गोळी. कोंबड्याच्या मानेचं पीस दोऱ्याने गळाला असं गुंडाळलेलं, की पाण्यावर पडलं तर माशीच बसल्यासारखी वाटावी. काठीला झोका देऊन ती दोरी तो लांब फेकी, पिसाची माशी अलगद पाण्याला टेके, आणि मासा खालून उसळी मारी. विशीतल्या इंद्रभानने ते पाहिलं आणि तो त्या म्हाताऱ्याच्या मागेच लागला. वेळूची काठी, पिसं आणि दोरा एवढा संसार घेऊन तो पुढे नोकरीत आला. परीक्षेसाठी पाठ केलेलं विसरला असेल, हे मात्र विसरला नाही.

आता वर्गाची गोष्ट. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, जिल्हा परिषदा नव्या होत्या, आणि ढोरांच्या डॉक्टरांनी नवी औषधं, नव्या लसी, नवं शास्त्र शिकत राहावं म्हणून बुलढाण्याला उजळणीचे वर्ग भरत. वर्ग कसले, पालथ्या घड्यावर पाणी. ढोरांचा डॉक्टर एकदा नोकरीला लागला, की त्याच्या पुस्तकांना वाळवी आणि त्याला बदलीची काळजी. घाटाखालून धूळ खात, बस बदलत मंडळी यायची, मागच्या बाकावर डुलक्या घ्यायची आणि चहा झाला की पसार व्हायची. राखोंडे डॉक्टर हे पाहून चिडत. लस कशी साठवायची हे माहीत नसल्यामुळे एका गावात घटसर्पाने गोठेच्या गोठे रिकामे झालेले त्यांनी पाहिले होते. शेवटी त्यांनी मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं, की उत्तरेकडच्या तालुक्यांचा वर्ग माझ्याकडे द्या, मी तो सातपुड्याच्या पायथ्याशी घेतो, नदीच्या काठी. लोक कसे येत नाहीत ते बघतो.

आणि लोक आले. दिवाळीनंतर, नदी निवळली की जंगलखात्याच्या जुन्या विश्रामगृहावर दोन दिवस वर्ग भरायचा. नियम एकच, आधी पाठ, मग गळ. सकाळी वडाखाली डॉक्टर शिकवायचे, दुपारनंतर डोहावर काठ्या निघायच्या. पिसाच्या माश्या डॉक्टर स्वतः बांधून ठेवत आणि ज्याने पाठात लक्ष दिलं त्याला आधी देत. पेंगणाऱ्याच्या वाट्याला काठी शेवटी यायची. चाळिशीतले, पोट सुटलेले डॉक्टर शाळकरी पोरांसारखे कान देऊन ऐकायला लागले. बुलढाण्याच्या कचेरीत या प्रकाराला 'गळाचा वर्ग' म्हणून हसत, पण घाटाखालच्या तालुक्यांत जनावरं कमी मरत होती, त्यामुळे कोणी तो बंद केला नाही.

या वर्गाची आणखी एक रीत होती, आणि राखोंडे डॉक्टरांना तिचाच सगळ्यात जास्त अभिमान होता. वर्षभरात ज्या जनावराने आपल्याला चकवलं, ज्याचं दुखणं उमगलंच नाही, अशी एक हकीकत प्रत्येकाने आणायची. त्याला सगळे कोडं म्हणत. पहिल्या दिवशी संध्याकाळी जेवणाआधी एकेकाने आपलं कोडं घालायचं, बाकीच्यांनी सोडवायचं. ज्याचं कोडं कुणालाच सुटणार नाही, त्याला दुसऱ्या सकाळी, पाठाच्याही आधी, डोहावर पहिला गळ टाकायचा मान; नियमाला अपवाद तेवढाच. हा मान मोठा होता. निजलेल्या डोहात पहिला गळ पडतो तेव्हाच मोठ्या खवल्यांचा महाशीर वर येतो; एकदा पाणी ढवळलं की तो दिवसभर तळ सोडत नाही. एरवी आपली चूक कोण चारचौघांत सांगतो? इथे मात्र चूक हीच पुंजी झाली होती. डॉक्टर लोक आपलं कोडं वर्षभर जपून ठेवत, कुणाला त्याचा वासही लागू देत नसत. राखोंडे डॉक्टर म्हणत, माणसं आपल्या चुका अशा सांभाळायला लागली म्हणजे शिकली.

नारायण म्हस्के या वर्गात आला तो जळगाव जामोदच्या दवाखान्यावर नवा नवा लागला तेव्हा. मूळचा मेहकरकडचा, काळासावळा, शिडशिडीत, आणि तोंडावर कायम हसू. अडलेल्या गाईच्या पोटात हात घालून वासरू वळवावं तर त्याने. हाताला जणू डोळे होते. पण पाठ म्हटला की त्याच्या अंगावर काटा. वडाखाली बसला असला तरी त्याचे कान नदीकडे. मासा उसळल्याचा आवाज आला की त्याची मान वळलीच. राखोंडे डॉक्टर त्याला सगळ्यांसमोर झापत. "नारायण, मासा काई पळून जात नाई बे, हे डोक्यात घाल." आणि नंतर स्वतःच्या हातांनी बांधलेली सगळ्यात चांगली माशी त्यालाच देत. कारण दोरी फेकायची ती नजाकत, जी डॉक्टरांना जबलपूरच्या म्हाताऱ्यानंतर कुणात दिसली नव्हती, ती या पोरात पहिल्याच दिवशी दिसली.

डॉक्टरांचा त्याच्यावर पाठच्या भावासारखा जीव जडला होता. बाजारच्या दिवशी डॉक्टर जळगावला गेले की नारायणकडे जेवण ठरलेलं. त्याची बायको पुष्पाबाई ज्वारीची भाकर आणि ठेचा वाढी, आणि नवरा डोहातल्या माशांच्या गोष्टी सांगायला लागला की कपाळाला हात लावी. नांदुऱ्याचे डॉक्टर पंजाबराव कोकाटे, हे या वर्गातले जुने आणि जड अंगाचे गृहस्थ, नारायणला म्हणत, "तुले पोरगी देन्याआधी सासऱ्यानं नदी पाहाले पायजे व्हती." पुष्पाबाई हसायची. त्या घरात फार हसणं होतं, हे पुढे डॉक्टरांना पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

त्या वर्षी वर्गाच्या आदल्या दिवशी आभाळ भरून आलं. पाऊस पडला नाही, पण सकाळी उजेड मऊ होता, वारा नव्हता, आणि डोहावर किडे उतरले होते. अशा सकाळी मासा वेडा होतो. आदल्या वर्षी नारायणच्या गळाला लागलेला एक थोरला महाशीर दोरी तोडून गेला होता, आणि वर्षभर हा पोरगा त्याच माशाबद्दल बोलत होता. चहा होतो न होतो तोच तो डॉक्टरांजवळ आला. म्हणाला, साहेब, आजच्या सकाळची सुट्टी द्या. पुढचे सगळे पाठ पहिल्या रांगेत बसून ऐकेन. तो मासा वर आला आहे, मला दिसला.

नियम डॉक्टरांनीच केला होता आणि कधी कुणासाठी मोडला नव्हता. पंजाबरावांनी एकदा पाय मुरगळल्याचं सोंग केलं होतं, तरी त्यांना पाठाला बसवलं होतं. पण नारायणचा चेहरा पाहिला आणि डॉक्टरांना नर्मदेकाठचा आपला विशीतला चेहरा दिसला. त्यांच्या मनात असंही आलं, की आजचा पाठ पिसाळलेल्या जनावराचा. पिसाळलेलं जनावर तर शेंबडं पोरही ओळखतं. संध्याकाळी चार शब्दांत सांगून टाकू. त्यांनी खिशातली डबी काढली, नवी बांधलेली माशी त्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, जा.

बाकीच्यांनी कुरकुर केली. डॉक्टरांनी ती ऐकून न ऐकल्यासारखी केली आणि पाठ सुरू केला. तो पाठ त्यांनी मुद्दाम निवडला होता. त्या पावसाळ्यात डोंगराकडच्या गावांत पिसाळलेलं कोल्हं फिरल्याच्या बातम्या होत्या. ते म्हणाले, पिसाळलेलं कुत्रं चावतं, म्हणून आपण त्याला भितो. पिसाळलेला बैल बहुतेक वेळा चावत नाही, म्हणून आपण फसतो. तो मान ताणतो, लाळ गाळतो, त्याचा हंबरडा फाटका येतो, आणि त्याला गिळता येत नाही. मालक म्हणतो, डॉक्टर, याच्या घशात काहीतरी अडकलं. मग आपण काय करतो? एवढं बोलून त्यांनी सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारली आणि थांबले. सगळे हसले, कारण प्रत्येकाने कधी ना कधी असाच हात घातला होता. मग डॉक्टर म्हणाले, अशा तोंडात हात घालायचा नाही, आणि घातलाच असेल तर त्याच दिवशी बुलढाणा गाठून पोटातली इंजेक्शनं सुरू करायची. त्यानंतर उशीर झाला की देव आला तरी उपाय नाही.

दुपारी नारायण आला तो नाचतच. भिजलेल्या धोतराच्या झोळीत पाणी आणि मासा घेऊन आला होता, सगळ्यांना दाखवायला. हाताएवढा लांब, सोन्यासारख्या खवल्यांचा. सगळे जण त्याच्या मागे डोहापर्यंत पळत गेले आणि त्याने तो पाण्यात सोडला, तेव्हा पंजाबरावांसारखा जड माणूसही टाळ्या वाजवत होता. गळ काढताना माशाने झटका दिला होता आणि गळ नारायणच्या पहिल्या बोटात आरपार घुसला होता. डॉक्टरांनी स्वतः तो कापून काढला, टिंक्चर लावलं, पट्टी बांधली. नारायण हसतच होता. संध्याकाळी सगळं बोलणं त्या माशावरच चाललं. कोडी झाली, जेवणं झाली, दुसरा दिवसही सरला आणि बस गाठायची घाई झाली. चार शब्द सांगायचे ते राहिले. डॉक्टरांना पुढच्या बाजाराला आठवलंही, पण तेव्हा पुष्पाबाईने गरम भाकर वाढली होती आणि नारायण पुन्हा माशाची गोष्ट सांगत होता.

पुढे थंडी ओसरत असताना जळगावहून माणूस आला. म्हस्के डॉक्टरांना बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात नेलं आहे, तुम्ही या. काय झालं, असं विचारलं तर तो म्हणाला, ताप आला, बोटाला मुंग्या येतात म्हणत होते, आणि आता पाण्याचा पेला पाहिला की अंग आखडतं. राखोंडे डॉक्टर ओसरीवर उभे होते. माणूस पुढेही काही सांगत होता, ते त्यांनी ऐकलं नाही. अन्नपूर्णाबाई आतून आल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून काही न विचारता त्यांची पिशवी भरली.

बसमध्ये ते एकच गोष्ट मनात घोळवत होते. कोणतं जनावर? कधी? आणि या पोराने मला सांगितलं का नाही? घाट चढताना खिडकीतून गार वारा येत होता. शेजारच्याने काच लावू का म्हणून विचारलं, तर डॉक्टरांना त्याचं बोलणं कळलंच नाही.

दवाखान्यात त्याची खोली वेगळी होती. वाऱ्याने झटके येतात म्हणून खिडक्या लावल्या होत्या. बाहेर बाकावर पुष्पाबाई बसली होती. ती उठली नाही, नुसती पाहत राहिली, आणि डॉक्टरांना तिच्या नजरेला नजर देववली नाही. ते सरळ आत गेले.

या रोगाची सगळ्यात दुष्ट गोष्ट ही, की मधूनमधून माणूस अगदी शुद्धीवर असतो. नारायण शुद्धीवर होता. डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते, पण डॉक्टरांना पाहून त्याने हसायचा प्रयत्न केला. आपल्याला काय झालं आहे हे त्याला माहीत होतं. ढोरांचा डॉक्टर होता, माहीत नसेल कसं?

"साहेब, यंदाचा पहिला गळ माहा व्हता," तो म्हणाला. "कोडं लय जपून ठेवलं व्हतं. वर्गात घालाचं म्हून कोनाले बोललो नाई."

मग श्वास घेत घेत त्याने सांगितलं. वर्गाहून परतल्यावर, बोटाची पट्टी नुकती सुटली होती तेव्हाची गोष्ट. डोंगराकडच्या गावात एक बैल होता. मान ताणून उभा, लाळेची तार लागलेली. मालक म्हणत होता, ज्वारीचं कणीस अडकलं. नारायणने तोंडात आडवं लाकूड दिलं आणि कोपरापर्यंत हात घातला. हाताला काहीच लागलं नाही. दोन दिवसांनी बैल मेला. घशात काही नसताना बैल घसा अडकल्यासारखा का मेला, हे त्याला उमगलं नाही. हे कोडं कुणालाच सुटणार नाही, याची त्याला खात्री होती.

डॉक्टरांनी त्याचा हात हातात घेतला, तो बोटावरच्या बारीक वणासकट. नारायणने विचारलं, "त्या सकाळी मी डोहावर गेलो, तवा तुमी वर्गात काय शिकवलं व्हतं?"

राखोंडे डॉक्टर आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते असं नाही. नोकरीत सगळेच बोलतात. पण त्या क्षणी त्यांना जे वाटलं ते त्यांनी पुढे कितीदा तरी स्वतःला सांगून पाहिलं. या पोराला आता खरं सांगायचं म्हणजे मरणाऱ्याच्या छातीवर धोंडा ठेवायचा. ज्या सकाळी तू सगळ्यात सुखी होतास, त्याच सकाळी मी तुला मारलं, असं सांगायचं. नाही सांगवलं.

"फऱ्या," ते म्हणाले. ढोरांचा पाय सुजवणारा नेहमीचा रोग, माणसाला न लागणारा.

नारायण त्यांच्याकडे बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "फऱ्या तं मले येते, साहेब," आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

डॉक्टरांना वाटलं, त्याच्या जिवाला बरं वाटलं. बाहेर येऊन ते भिंतीला टेकून रडले, पण आपण एवढं तरी भलं केलं, असं कुठेतरी त्यांच्या मनात होतं. दुसऱ्या दिवशी नारायण गेला.

पुढच्या दिवाळीनंतर वर्ग झाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मोठ्या साहेबांनी आग्रह केला, आणि डॉक्टर कबूल झाले, कारण मधल्या काळात दुसऱ्या एका तालुक्यात एका डॉक्टराने तसाच हात घातल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. तो वेळेवर इंजेक्शनं घेऊन वाचला, पण निव्वळ नशिबाने. गळाशिवाय वर्ग घेऊन पाहिला तर निम्मेसुद्धा आले नाहीत. तेव्हा काठ्या परत आल्या. पण राखोंडे डॉक्टरांनी स्वतः काठी हातात घेतली नाही, ती कायमची. पिसाच्या माश्या बांधायचे, लोकांना द्यायचे आणि काठावर पाठमोरे बसायचे. अन्नपूर्णाबाईंनी इतकी वर्षं ज्यावरून टोमणे मारले, ते सुटलं तेव्हा त्याच एकदा म्हणाल्या, जा हो नदीवर, घरात बसून काय करता.

रीत मात्र त्यांनी बदलली. कोडं जपायचं नाही. ज्या दिवशी जनावर चकवेल त्याच दिवशी जवळच्या डॉक्टराला गाठून सांगायचं, मग भले आपली लाज निघो. पहिल्या गळाचा मान बंद. आणि पहिला पाठ दरवर्षी एकच, बाही कोपराच्या वर सारण्याचा. त्या पाठातून कुणालाही सुट्टी नाही. नवी पोरं मागे म्हणायची, साहेबांचा एकच पाठ, दरसाल तोच. एकदा एक जण चहा पीत उशिरा आला, तर डॉक्टर त्याच्यावर असे ओरडले, की पंजाबरावांना मध्ये पडून त्यांना खाली बसवावं लागलं. त्या पाठामुळे किती जण वाचले असतील ते सांगता येत नाही. दोघा-तिघांनी तर स्वतः येऊन पाय धरले. डॉक्टर त्यांना म्हणत, बैल गेला आणि झोपा केला, माझ्या पाया काय पडता?

पुष्पाबाईला पुढे शाळेत मास्तरीण म्हणून नोकरी लागली, बुलढाण्यालाच. डॉक्टर दर दिवाळीला मळ्यातली वांगी आणि संत्री घेऊन तिच्याकडे जात. ती चहा करी. शाळेचं, पिकाचं, इकडचं तिकडचं बोलणं होई. दरवेळी निघताना डॉक्टर उंबऱ्यात क्षणभर थांबत, आणि ती उभी राहून वाट पाहत असल्यासारखी दिसे. मग ते वहाणा घालत आणि बस गाठत. डॉक्टरांनी सगळं फक्त अन्नपूर्णाबाईंजवळ बोलून दाखवलं होतं; घरी आल्यावर त्या विचारत, सांगितलं का? ते नाही म्हणून मान हलवत. त्या म्हणत, माळ घातलेल्या बाईचं एवढं ऐका, मनातलं असं कुजवू नये.

निवृत्त झाले त्या दिवाळीला ते गेले आणि या वेळी वहाणा घालण्याआधीच बोलले. केस पांढरे झाले होते, दोघांचेही. त्यांनी सगळं सांगितलं. नियम मीच मोडला. सुट्टी मीच दिली. माशीसुद्धा माझ्याच हातची होती. त्या सकाळचा पाठ नेमका तोच होता, आणि त्याने विचारलं तेव्हा मी त्याला खोटं सांगितलं. इतकी वर्षं तुम्हाला तोंड दाखवत आलो, पण हे सांगायची छाती झाली नाही.

पुष्पाबाई खाली बघत ऐकत होती. ती रडली नाही. पदराने उगाच पाट पुसत म्हणाली, "मले माईत हाय, साहेब. त्यायले बी माईत व्हतं."

डॉक्टरांना कळलं नाही.

"तुमी दवाखान्यात आले त्या दिशी, तुमच्या आधी, पंजाबराव भाऊजी येऊन गेले व्हते. आमच्यायनं भाऊजीले बैलाचं सांगतलं आन भाऊजीच्या तोंडून निघून गेलं, का हेच तं साहेबानं त्या दिवशी शिकवलं व्हतं. लय रडले भाऊजी."

"मंग त्यानं मले काऊन इचारलं?"

बोलावं की नाही असं तिच्या मनात असावं. मग म्हणाली, "मले म्हने, साहेब आले का मी इचारीन, आन ते खरं सांगतीन. मंग मी त्यायले म्हनीन, का सुट्टी मी मांगितली व्हती, हात मी घातला, तुमाले याचं काई लागत नाई. म्हने, हे माह्या तोंडून त्यायच्या कानावर पडलं पायजे, नाई तं तो मानूस जलमभर जळत राहीन. तुमी फऱ्या म्हटलं. मंग ते काई बोलले नाई."

बाहेर शेजारच्या अंगणात कुणीतरी दिवाळीच्या पणत्या धुऊन उन्हात मांडत होतं. डॉक्टरांनी विचारलं, हे तुम्ही मला इतकी वर्षं का नाही सांगितलं.

"दरसाल वाटे, यंदा साहेब सांगतीन," ती म्हणाली. "तुमी सांगल्याबिगर त्यायचं बोलनं तुमाले कसं देऊ? तुमी वांगे देऊन जात."

ते घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. अन्नपूर्णाबाई तुळशीपाशी दिवा लावत होत्या. मान न वळवता त्यांनी नेहमीचं विचारलं, सांगितलं का? डॉक्टर हो म्हणाले. तेव्हा त्या वळल्या आणि विचारू लागल्या, मग काय म्हणाली ती, माफ केलं का?

डॉक्टर पायरीवर बसले. "माफी त्यानंच ठेवली व्हती माह्यासाठी," ते म्हणाले. "हातात घेऊन बसला व्हता. मी घेतली नाई."

अन्नपूर्णाबाईंनी दिव्याची वात पुढे सारली आणि त्या त्यांच्याजवळ येऊन बसल्या.